दूषित जागेची साफसफाई: वस्तीतल्या लोकांना नेमकं कधी विचारायचं?

जलधर यांचा प्रश्न

नमस्कार. मी भूवैज्ञानिक आहे. गेली ११ वर्षं दूषित जमीन आणि भूजल याच कामात आहे. सध्या आमची तुकडी एका बंद कारखान्याच्या जागेवर आहे. तिथे धातूचे सुटे भाग बनत. त्यांच्यावरचं तेल काढायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरत आणि मग क्रोमियमचा मुलामा देत. कारखाना गेला, ही दोन्ही द्रव्यं जमिनीत राहिली. कुंपणाला लागूनच वस्ती आहे.

दोन वर्षं आम्ही नमुने घेतले, निरीक्षण विहिरी घेतल्या, भूजलाचं मॉडेल बसवलं. त्यातून चार पर्याय काढले. माती खोदून बाहेर न्यायची, चिकणमाती आणि प्लॅस्टिकचा थर टाकून जागा झाकायची, दूषित पाणी उपसून शुद्ध करत राहायचं, किंवा या तिन्हींचा मेळ घालायचा. एवढं सगळं झाल्यावर वस्तीची पहिली बैठक बोलावली.

ती बैठक माझ्या मनातून जात नाही. आम्ही ४२ स्लाइड दाखवल्या. लोक गप्प बसून होते. शेवटी त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका उठले आणि म्हणाले, "तुम्ही पूर्वेकडच्या भिंतीलगत का नाही खणलं? गाळाचा खड्डा तर तिथे होता. नंतर मुरूम टाकून बुजवला आणि वर शेड उभी केली." आमच्या जुन्या नकाशात तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलेलं आहे, म्हणून त्या पट्ट्यात आम्ही एकही नमुना घेतला नव्हता. वरिष्ठ म्हणाले, "नोंदींमध्ये तसं काही आढळत नाही." काका खाली बसले. एका बाईंनी विचारलं, विहिरीच्या पाण्यावर भाजी लावली तर चालेल का? त्यांना उत्तर मिळालं की परिशिष्टात तक्ता आहे. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही, आणि मागच्या रांगा उठून गेल्या.

वरिष्ठांचं म्हणणं असं की पर्याय पक्के झाल्याशिवाय लोकांसमोर जाऊच नये. अर्धवट आकडे दिले की भीतीच पसरते. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरी रीतही नाही. ज्यांनी असं काम केलंय, किंवा जे अशा जागेशेजारी राहिलेत, त्यांनी सांगावं: लोकांना कधी बोलवायचं? कच्ची आकडेवारी द्यायची का? आणि त्यांनी चारही पर्याय नाकारले तर काय करायचं?

---

कुंपणापलीकडे यांचं उत्तर

जलधर, मी अशा जागेपासून ३०० मीटरवर २२ वर्षं राहिले. आमच्याकडे पुरलेली पिंपं होती. रहिवाशांच्या समितीत मी ९ वर्षं होते. पेशाने हिशेबनीस आहे, विज्ञान माझं फक्त शाळेपुरतं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी तुमच्या अहवालातलं एक पान उघडून बघा असं सांगेन.

जोखमीचा हिशेब जिथे मांडलाय तिथे एक तक्ता असेल. माणूस या मातीच्या संपर्कात वर्षातून किती दिवस येतो, दिवसाला किती माती पोटात जाते, किती वर्षं जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे ठरीव आकडे बऱ्याच ठिकाणी जसेच्या तसे उचलतात: राहत्या घरासाठी वर्षाला ३५० दिवस, कामगारासाठी २५०, लहान मुलाच्या पोटात दिवसाला २०० मिलिग्रॅम माती. माती कुठपर्यंत साफ करायची ते या आकड्यांवर ठरतं. आमच्या अहवालात त्या मैदानासाठी 'अधूनमधून शिरणारी व्यक्ती, वर्षाला ५० दिवस' असं धरलं होतं. मी ते वाचलं आणि उडालेच. पडकी भिंत ओलांडून आमची पोरं त्याच मैदानातून शाळेत जायची, दिवसातून दोनदा. कुणाला विचारलं असतं तरी कळलं असतं.

मी भांडले नाही. हिशेबनीस आहे, आकडा चुकला तर दुसरा आकडाच दाखवावा लागतो हे मला ठाऊक होतं. दोन आठवडे मी आणि शेजारच्या दोघीजणी पाळी लावून भिंतीच्या त्या भगदाडापाशी वही घेऊन बसलो. सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत. कोण गेलं, कोण आलं, कोण थांबून खेळलं. वही तज्ज्ञांच्या टेबलावर ठेवली. त्यांच्यातली एक तरुण मुलगी ती घेऊन कोपऱ्यात गेली आणि पानं मोजत बसली. पुढच्या मसुद्यात ५० चे २८० झाले. त्याबरोबर मातीची मर्यादा कडक झाली, आणि नुसतं पातळ झाकण घालण्याचा जो पर्याय पहिला होता तो मागे पडला.

म्हणून 'कधी' याचं माझं उत्तर: हा तक्ता भरायच्या आधी. पर्याय तुम्ही लोक आमच्यापेक्षा चांगले काढाल. पण आम्ही कसे जगतो, पोरं कुठे खेळतात, विहीर कोणत्या महिन्यात वापरतो, ती जागा उद्या कशासाठी हवी आहे, हे तुम्हाला कोणत्याही निरीक्षण विहिरीत सापडणार नाही. जमीन शेतीला हवी, खेळायला हवी की गोदामाला, यावर 'साफ' म्हणजे किती साफ ते ठरतं. ते ठरवायचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे, असं मी आजही ठासून सांगते.

तुमच्या त्या काकांवरून लव्ह कॅनॉल आठवलं. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातली जागा. एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात तिथे २० हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला, मग ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. वर शाळा झाली, भोवती घरं झाली. १९७८ मध्ये लोइस गिब्ज या तिथल्या एका आईने घराघरांत जाऊन आजारांची नोंद केली. नकाशावर खुणा केल्यावर दिसलं की पूर्वी जिथून ओढे वाहायचे आणि नंतर बुजवले गेले, त्याच रेषांवरच्या घरांत दुखणी जास्त आहेत. जुन्या रहिवाशांना ते ओढे आठवत होते. बेव्हर्ली पेजन या शास्त्रज्ञ बाईंनी त्या नोंदी गांभीर्याने घेतल्या. सरकारी अधिकाऱ्यांनी आधी ते गृहिणींचं काम म्हणून बाजूला सारलं होतं. तुमचे काका तेच सांगत होते हो. पाणी आणि गाळ कुठे जायचा हे ज्याने रोज पाहिलं, त्याची आठवण ही नोंदच आहे. खणून बघा.

कच्ची आकडेवारी द्या, सगळी द्या. पण सोबत आम्हाला आमचा माणूस द्या. आमच्या समितीला एक स्वतंत्र विषतज्ज्ञ मिळाला होता. त्याचे पैसे प्रकल्पाच्या निधीतून यायचे, पण तो उत्तर द्यायचा आम्हाला. त्याने आमची बाजू तर मांडलीच, शिवाय आमच्या एका भीतीवर स्पष्ट 'नाही' म्हणाला. विहिरीचं पाणी तांबूस यायचं, आम्ही सगळे ते रसायन समजत होतो. तो म्हणाला हे लोह आहे, तुमचं खरं विष दिसत नाही आणि त्याला या मात्रेत वासही नाही. हेच तुम्ही सांगितलं असतं तर एकानेही विश्वास ठेवला नसता. भीती आकड्यांमुळे पसरत नाही, आकडे विचारायला जवळ माणूस नसला की पसरते.

बैठकीची वेळही बघा. आमची पहिली बैठक सकाळी ११ वाजता, दूरच्या कार्यालयात होती. कोण आलं? ज्यांची स्वतःची घरं होती ते पुरुष. भाडेकरू नाहीत, रात्रपाळीवाले नाहीत, विहिरीवरून पाणी भरणाऱ्या बाया नाहीत. नंतर तीच बैठक संध्याकाळी, तीन वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायला लावली. तिसऱ्या ठिकाणी, भाड्याच्या खोल्यांत, कळलं की तिथे खोदकामातली जुनी पिंपं धुऊन पाणी साठवायला वापरतात. तीन वर्षांच्या तपासणीत हे कुणाच्याच कानावर आलं नव्हतं.

आणि सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. आमच्यातही भांडणं झाली. ज्यांना घर विकायचं होतं त्यांना गाजावाजा नको होता. ज्यांची मुलं आजारी होती त्यांना उद्याच सगळं खणून हवं होतं. दोन कुटुंबं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. चारही पर्याय नाकारले तर काय, असं तुम्ही विचारता. आम्ही नाकारले होते. खोदाल तर धूळ आमच्या घरात, झाकाल तर विष कायमचं आमच्या शेजारी. शेवटी खोदकामाला हो म्हटलं ते अटींवर: ट्रक शाळेच्या वेळात नाहीत, ताडपत्रीशिवाय नाहीत, चाकं धुतल्याशिवाय फाटकाबाहेर नाहीत, आणि हवेतल्या धुळीचं रोजचं माप फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. ठरलेल्या आकड्यावर गेलं की काम थांबणार. चार महिन्यांत तीनदा थांबलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

---

पंपघर यांचं उत्तर

मी पाणीपुरवठ्याकडचा अभियंता. ताईंचं लिहिलेलं मनापासून वाचलं, तरी दुसरी बाजू मांडतो. भूजलातलं दूषित पाणी बैठकांसाठी थांबत नाही. मी ज्या कामावर होतो तिथे 'आधी सहमती' म्हणत १४ महिने गेले आणि तेवढ्यात दूषित पट्टा आमच्या एका पुरवठा विहिरीपर्यंत पोचला. विहीर बंद करावी लागली. तिच्यावर अवलंबून असलेल्यांना त्या सगळ्या बैठकांत कुणी विचारलं नव्हतं, कारण ते दुसऱ्या वस्तीतले.

ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जड. ते खाली बसतं, खडकाच्या भेगांत शिरतं आणि वर्षानुवर्षं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे थोडंसं गळलं तरी फार मोठं पाणी बिघडतं. शिवाय त्याची वाफ जमिनीतून घरांत चढते. जलधर, तुम्ही कुंपणालगतच्या घरांतली हवा तपासली का? लोकांना कधी बोलवायचं हे ठरेपर्यंत तेवढं तरी आजच करा.

---

कलम आणि परिशिष्ट यांचं उत्तर

पंपघर यांची अडचण खरी आहे, पण तिच्यावर तोडगा आहे. दूषित जागांच्या साफसफाईसाठीचा अमेरिकेतला १९८० चा सुपरफंड कायदा, जो लव्ह कॅनॉलनंतरच आला, तो काम दोन भागांत पाडतो. तातडीचा धोका असेल तर लगेच हालचाल: पिंपं उचलणं, कुंपण घालणं, पर्यायी पाणी देणं. त्याला लांबलचक चर्चा लागत नाही. कायमच्या उपायाचा रस्ता वेगळा. तिथे आधी रहिवाशांच्या मुलाखती, मग प्रस्तावित आराखडा, त्यावर मतं द्यायला किमान ३० दिवस, कुणी मागितले तर आणखी किमान ३०. शेवटच्या निर्णयाच्या कागदाबरोबर लोकांच्या आक्षेपांना उत्तरं जोडावी लागतात. उपाय निवडायच्या ९ निकषांत शेवटचा निकष 'समुदायाची स्वीकृती' आहे. १९८६ च्या दुरुस्तीने रहिवाशांच्या गटाला स्वतःचा तज्ज्ञ नेमायला ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान देण्याची सोय केली. कुंपणापलीकडे यांचा विषतज्ज्ञ म्हणजे तीच कल्पना.

मला त्या रचनेतलं एक खटकतं. समुदायाची स्वीकृती मोजायची ती आराखडा जाहीर झाल्यावर, म्हणजे अगदी शेवटी. तोवर तक्ता भरून झालेला असतो.

दुसरं, ज्याबद्दल या चर्चेत अजून कुणी बोललं नाही: खोदलेलं जातं कुठे? तिथले लोकही 'स्थानिक' आहेतच. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत १२ बंद कंटेनरमधून मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला जाळण्यासाठी नेला. दुसऱ्याच दिवशी तिथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. नंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि जूनअखेर जाळण्याचं काम संपलं. चाचण्यांचा हाच क्रम, मोजमापांसकट, कंटेनर निघायच्या आधी पीथमपूरच्या लोकांसमोर मांडता आला असता.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७८ साली रस्त्यांच्या कडेला पीसीबी या विषारी रसायनाचं तेल चोरून ओतलं गेलं. ती माती पुरायला वॉरन काउंटी निवडली आणि १९८२ मध्ये ट्रक यायला लागले. वस्ती मुख्यतः गरीब आणि कृष्णवर्णीय. लोक ट्रकसमोर आडवे झाले, ५०० हून जास्त जणांना अटक झाली, आणि तरी माती पुरलीच. पण गव्हर्नरने तेव्हा लिहून दिलं होतं की तंत्र उपलब्ध झालं की ती जागा निर्विष करू. १९९३ मध्ये त्या खड्ड्यात पाणी साठल्याचं उघड झालं तेव्हा रहिवाशांनी तो शब्द पुढे केला. राज्य आणि रहिवासी यांचा संयुक्त गट बसला, रहिवाशांना स्वतःचे शास्त्रज्ञ सल्लागार मिळाले, माती दुसऱ्या कुणाच्या दारात न टाकता तिथल्या तिथे तापवून पीसीबी काढायचं ठरलं. २००३ मध्ये ते पूर्ण झालं. मधली २१ वर्षं कुणी भरून देणार नाही. तरी लेखी शब्द मागून ठेवावा, एवढं त्यातून मी घेतलं.

---

कुंपणापलीकडे

पंपघर, तुमच्या विहिरीचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणता ते मान्य. आमच्याकडे पाण्याचे टँकर दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाले होते आणि त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. घाई कशाची आणि विचार कशाचा, हे पहिल्याच दिवशी लोकांना वेगळं करून सांगितलं तर लोकच घाई करायला मदत करतात. दुसऱ्या वस्तीचं मात्र आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमची माती कुठल्या गावाजवळ गेली ते मला ठाऊक आहे, तिथल्या एकाही माणसाशी मी कधी बोलले नाही. हे आत्ता लिहिताना जड जातंय.

---

जलधर

सगळ्यांचे आभार. थोडं कळवतो.

पंपघर, घरांतली हवा तपासली नव्हती. कालपासून कुंपणालगतच्या ९ घरांत नळ्या लावल्या आहेत. आकडे आले की आधी त्या त्या घरात जाऊन सांगणार, अहवालात नंतर.

शनिवारी काकांना घेऊन जागेवर गेलो. शेड कधीच पडली आहे, पण जुन्या वजनकाट्याचा चौथरा शिल्लक आहे. तिथून त्यांनी ३४ पावलं मोजली, थांबले, दोन पावलं मागे आले आणि म्हणाले, "इथे." दोन ठिकाणी विंधलं. पहिल्यात १.८ मीटरवर मुरूम संपला आणि पिवळट हिरवा गाळ लागला. दुसऱ्यातही तोच. प्रयोगशाळेचं उत्तर यायचं आहे, पण रंग पाहून मला शंका उरलेली नाही. भूजलाच्या मॉडेलमध्ये क्रोमियम पूर्वेकडून का येतंय हे आम्हाला दोन वर्षं उमगत नव्हतं. वरिष्ठ सोमवारी स्वतः काकांच्या घरी गेले. काय बोलले ते मला माहीत नाही, पण परत आल्यावर म्हणाले की पर्याय पुन्हा मांडू.

जोखमीचा तक्ता काढून पाहिला. विहिरीचं पाणी 'वापरात नाही' असं धरलंय. भाजीचा रकानाच नाही. तो तक्ता कोरा करून पुढच्या बैठकीला नेतोय. संध्याकाळी ७ ची वेळ ठेवली आहे, भाड्याच्या खोल्यांच्या बाजूला. कुंपणापलीकडे, एक विचारायचं राहिलं. भिंतीपाशी बसलात तेव्हा तुमच्या वहीत रकाने कोणते होते? आमच्याकडेही पूर्वेच्या भिंतीला एक वाट पडलेली आहे.

---

कुंपणापलीकडे

वेळ. किती जण. मूल की मोठं. कुठून शिरले, कुठून बाहेर पडले. नुसते गेले की थांबले, थांबले तर किती मिनिटं. हातात माती घेतली का. पायात काही होतं की अनवाणी. हा शेवटचा रकाना आम्ही पहिल्या दिवशी विसरलो होतो, तो दिवस पुन्हा मोजावा लागला. पाऊस पडला असेल तर तेही लिहा, चिखलात मुलं जास्त वेळ रमतात. आणि वही वस्तीतल्याच कुणाच्या तरी हातात द्या. तुमचा माणूस बसला तर मुलं तिकडून जायचीच बंद होतील.